व्हायोलिनच्या गजाची छडी कशी झाली

२४ फेब्रुवारी १८२१. रोमच्या तेआत्रो अपोलोमध्ये रोस्सिनीच्या 'मातिल्दे दि शाब्रान' या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग होता. रोस्सिनीने नेहमीच्या सवयीने काम शेवटच्या घटकेपर्यंत लांबवलेलं, काही भाग तर दुसऱ्या एका संगीतकाराकडून उरकून घेतलेला. त्यात ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या गृहस्थांना ऐनवेळी झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. रोस्सिनीचा एक मित्र तेव्हा रोममध्येच होता. त्याने व्हायोलिन उचललं आणि पहिले तीन प्रयोग निभावून नेले. ऑपेरात हॉर्नचा एक एकल तुकडा आहे. हॉर्नवालाही आजारी पडला, तेव्हा तोही या मित्राने व्हिओलावर, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावंडावर, वाजवून दिला. मित्राचं नाव निकोलो पागानिनी.

पागानिनी कसा वाजवायचा याच्या दंतकथा पुष्कळ आहेत. सैतानाशी करार वगैरे. मला मात्र त्यांच्यापेक्षा ही गोष्ट जास्त विचारात पाडते. एक व्हायोलिनवादक येतो आणि अख्खा ऑपेरा चालवतो, म्हणजे गायक, कोरस, वादक सगळेच. मध्येच स्वतः एकल तुकडा वाजवतो आणि तरी गाडी रुळावरून घसरत नाही. आज असं झालं तर वर्तमानपत्रात बातमी येईल. तेव्हाच्या इटलीत एवढीच गोष्ट नवलाची होती की आलेला माणूस पागानिनी होता. व्हायोलिनवाल्याने ऑपेरा चालवणं ही रोजची रीत होती.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो आणि कंडक्टर म्हटलं की एसटीतला. त्यामुळे पाश्चात्त्य मैफलीचा व्हिडिओ पाहताना पहिला प्रश्न हाच पडतो, की हा माणूस काही वाजवत नाही, नुसते हात हलवतो, मग पोस्टरवर सगळ्यात मोठं नाव त्याचं कसं? याचं उत्तर हवं असेल तर तो माणूस जेव्हा नव्हता तिथून सुरुवात करावी लागते.

ढोल-ताशा पथक आठवा. ताशा वाजवणारा स्वतः वाजवतच असतो, पण ढोल त्याच्याकडे कान लावून असतात. तो वळण घेतो, मागचे वळतात. जुन्या इटालियन ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनवाल्याचं स्थान साधारण हेच. हुकूम द्यायला त्याला वाजवणं थांबवावं लागत नसे, कारण वाजवणं हाच हुकूम होता.

हे कसं जमतं ते गजात आहे. व्हायोलिनचा गज, ज्याला वाजवणारे बो म्हणतात, त्याची मुठीकडची बाजू जड असते आणि टोकाकडची हलकी. मुठीपासून टोकाकडे ओढला की स्वर वजनाने पडतो. उलट ढकलला की स्वर उचलल्यासारखा येतो. म्हणून आवर्तनाची पहिली मात्रा, आपल्या भाषेत सम, बहुतेक वेळा ओढत्या गजावर येते आणि समेच्या अलीकडची मात्रा ढकलत्या गजावर. इटालियनमध्ये पडत्या मात्रेला 'बात्तेरे' आणि उचलत्या मात्रेला 'लेवारे' म्हणतात. आता कंडक्टरचा हात पाहा. सम दाखवताना तो खाली येतो, शेवटच्या मात्रेला वर जातो. हुकूम गजाने दिला काय आणि छडीने दिला काय, खूण तीच. पुढच्या वादकाचा गज वर चढताना दिसला, त्याने नाकाने घेतलेला श्वास ऐकू आला, की मागच्या वीस जणांना सम कुठे पडणार ते कळतं.

गजाची ही शिस्त ज्याने लावली त्याचं नाव आर्कांजेलो कोरेल्ली. जन्म १६५३चा, फुसिन्यानो गावचा. पण नाव काढलं ते रोममध्ये, कार्डिनलांच्या आणि स्वीडनची गादी सोडून आलेल्या राणी क्रिस्तिनाच्या आश्रयाने. १६८७ साली राणीच्या वाड्यातल्या एका समारंभात त्याने दीडशे तंतुवादकांचा ताफा चालवला. माइक नाही, छडी नाही. त्याचा शिष्य जेमिनियानी पुढे सांगायचा की रिहर्सलमध्ये एक जरी गज इतरांच्या उलट दिशेला जाताना दिसला, तरी कोरेल्ली सगळं थांबवायचा. दीडशे गज, सगळे एका वेळी खाली, सगळे एका वेळी वर. ऐकणाऱ्यांना ते एकच प्रचंड वाद्य वाटलं असणार.

योगायोग असा की त्याच १६८७ साली पॅरिसमध्ये दुसरा एक इटालियन ताल देता देता मेला. फ्लोरेन्समध्ये जन्मलेला जोव्हान्नी बात्तिस्ता लुल्ली फ्रान्सच्या राजाकडे जाऊन ल्युली झाला होता. तोही मुळात व्हायोलिनवालाच. पण मोठ्या कार्यक्रमात जाड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा. जानेवारीत ती काठी पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली आणि मार्चमध्ये तो गेला. काठीपेक्षा गज बरा, असं इटालियनांना पुढची दीडशे वर्षं वाटत राहिलं त्याचं कारण ही घटना नव्हे. पण मला दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवायला आवडतात.

कोरेल्लीचा 'कॉन्चेर्तो ग्रोस्सो' हा प्रकार समजला की ही सगळी व्यवस्था कानाने कळते. दोन व्हायोलिन आणि एक चेल्लो यांचा छोटा गट पुढे, बाकी सगळ्यांचा मोठा गट मागे. छोटा गट काही बोलतो, मोठा गट ते उचलून धरतो, पुन्हा छोटा एकटा पडतो. कीर्तनातला बुवा आणि मागचे टाळकरी म्हटलं तरी चालेल. त्याचे असे बारा कॉन्चेर्तो त्याच्या मृत्यूनंतर १७१४ साली आम्सटरडॅमला छापले गेले. आठवा ख्रिसमसच्या रात्रीसाठी लिहिलेला आहे. सुरुवातीला तोच ऐका.

व्हेनिसमध्ये हीच रीत अनाथ मुलींच्या हाती होती. ओस्पेदाले देल्ला पिएता ही संस्था टाकून दिलेल्या मुलांना सांभाळायची आणि त्यातल्या गुणी मुलींना संगीत शिकवायची. १७०३ साली तिथे व्हायोलिन शिकवायला पंचवीस वर्षांचा, लाल केसांचा एक पाद्री लागला, आन्तोनियो विवाल्दी. नोकरी कायम नव्हती. व्यवस्थापक मंडळ दरवर्षी मतदान करायचं. १७०९ साली त्यांनी त्याला काढलंसुद्धा, आणि दोन वर्षांनी परत बोलावलं. १७२३मध्ये करार झाला की महिन्याला दोन कॉन्चेर्तो लिहून द्यायचे. मुली चर्चमध्ये उंचावर, जाळीच्या आड बसून वाजवायच्या. श्रोत्यांना चेहरा दिसत नसे, कोण कुणाला इशारा करतंय तेही दिसत नसे, ऐकू यायचा तो फक्त एकजीव आवाज.

विवाल्दीच्या 'चार ऋतूं'ची धून बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते, फोनच्या होल्डवर तरी. हे चार कॉन्चेर्तो १७२५ साली छापले गेले, सोबत ऋतूंवरची सुनीतं आणि कोणती ओळ कुठल्या सुरांत आली आहे त्याच्या खुणा. 'वसंता'चा संथ भाग घ्या. मेंढपाळ झाडाखाली झोपला आहे, ते एकल व्हायोलिन. इतर व्हायोलिनं पानांची सळसळ करतात. आणि व्हिओला दर आवर्तनात दोनदा भुंकते. ती मेंढपाळाची कुत्री! 'कायम खूप जोरात आणि ओरबाडून वाजवावं' अशी सूचना खुद्द विवाल्दीने लिहिली आहे. आता यात कंडक्टरला काय काम? लांब, झोपाळू सूर ओढणारा पुढचा वादक आणि त्याच्याकडे कान देऊन असलेले बाकीचे, एवढ्यावर हे संगीत उभं राहतं. 'इ मुझिची' हा रोमचा बाराजणांचा चमू १९५०च्या दशकापासून हे असंच, कंडक्टरशिवाय वाजवत आला आहे.

ही विद्या शिकवली कशी जायची, याचा एक सुंदर कागद शिल्लक आहे. पादुआचा थोर व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तिनी याने १७६० साली मद्दालेना लोम्बार्दिनी या व्हेनिसच्या तरुण विद्यार्थिनीला एक पत्र लिहिलं. त्यात मोठं तत्त्वज्ञान नाही. तो सांगतो, मोकळ्या तारेवर गज असा टेकव की सुरुवातीचा स्पर्श श्वासासारखा वाटला पाहिजे. मग हळूहळू दाब वाढव, मग हळूहळू कमी कर. ओढत्या गजाने कर, ढकलत्या गजानेही कर. रोज कर. गायकाने षड्ज लावून बसावं तसंच हे. पुढच्या धड्यासाठी तो कोरेल्लीच्याच रचना घ्यायला सांगतो. मद्दालेनाने पुढे स्वतः कॉन्चेर्तो लिहिले आणि युरोपभर वाजवत फिरली.

आता ऑपेराकडे, कारण खरी पंचाईत तिथे झाली.

ऑपेरात कारभारी दोन होते. एक 'मायेस्त्रो अल चेंबालो'. हा कळफलकापाशी बसायचा, गायकांना शिकवायचा, त्यांना सांभाळायचा. नवा ऑपेरा असेल तर पहिले तीन प्रयोग ही खुर्ची संगीतकाराची, करारातच तसं असे. १८१६ साली 'सेव्हिलचा न्हावी' रोममध्ये पहिल्या रात्री पडला, प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, तेव्हा रोस्सिनी या खुर्चीत बसून सगळं झेलत होता. दुसरा कारभारी पहिला व्हायोलिनवादक. त्याच्यापुढे सगळ्या वाद्यांची संपूर्ण संहिता नसायची. असायची ती पहिल्या व्हायोलिनची ओळ आणि तिच्या आसपास टिपलेल्या खुणा, की इथे क्लॅरिनेट येणार, इथे गायिका तान घेणार. अडलं की तो वाजवायचा, भरकटले की गजाने हवेत ताल द्यायचा, अगदीच झालं तर स्टँडवर ठोकायचा.

ही रीत चालली कारण संगीत तसं होतं. एक गाणं सुरू होतं, एका लयीत जातं, संपतं, टाळ्या पडतात. पण ऑपेरा बदलत गेला. कोरस मोठा झाला, पितळी वाद्यं वाढली, पडद्यामागे वेगळा बँड आला, गाणी एकमेकांत मिसळायला लागली, लय एका पानात चारदा बदलायला लागली. व्हेर्दी या संगीतकाराचा 'नाबुक्को' हा ऑपेरा १८४२ साली मिलानच्या ला स्काला थिएटरात आला तेव्हाही ऑर्केस्ट्रा चालवला तो पहिल्या व्हायोलिनवाल्यानेच, एउजेनियो काव्हाल्लीनीने. पण तिथून पुढे दोन कारभाऱ्यांचं हे घर चालेना. गायकांना एकाने एक लय शिकवायची आणि प्रयोगात दुसऱ्याने दुसरी द्यायची! व्हेर्दी वैतागायचा. एकाच माणसाने गायकांनाही बसवावं आणि ऑर्केस्ट्राही चालवावा, असं त्याला हवं होतं.

तो एक माणूस आला, आणि तो अर्थातच व्हायोलिनवाला होता. आंजेलो मारियानी, जन्म राव्हेन्नाचा, १८२१ सालचा. जेनोआ आणि बोलोन्या या दोन शहरांत त्याने दोन्ही खुर्च्या एक करून टाकल्या. आधुनिक अर्थाने इटलीचे जे पहिले कंडक्टर, त्यांतला हा सगळ्यात मोठा. व्हेर्दीचा जिवलग मित्र. आणि मग दोघांचं बिनसलं. रोस्सिनी वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ व्हेर्दीने अनेक संगीतकारांकडून मिळून एक मास, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचं संगीत, लिहून घ्यायचं ठरवलं होतं. १८६९मध्ये ते बारगळलं आणि व्हेर्दीने खापर मारियानीवर फोडलं. त्यात तेरेझा श्टोल्त्स ही गायिका. ती आधी मारियानीची वाग्दत्त वधू होती, मग ते मोडलं, आणि मग तिचं जाणंयेणं व्हेर्दीच्या घरी वाढलं. त्या काळच्या लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मारियानीने कैरोला जाऊन व्हेर्दीचा नवा ऑपेरा 'आइदा' चालवायला नकार दिला. इकडे १ नोव्हेंबर १८७१ रोजी त्याने बोलोन्यात 'लोहेनग्रिन' उभा केला, इटलीत झालेला जर्मन संगीतकार वाग्नरचा पहिला ऑपेरा. व्हेर्दी गुपचूप तो पाहायला गेला. हातात छापील संहिता घेऊन बॉक्समध्ये मागे बसला आणि तिच्यावर ११४ शेरे लिहिले. कुणीतरी ओळखलं, त्याच्या नावाने जयजयकार झाला, तरी हा पुढे आला नाही. कैरोत 'आइदा' चालवली जोव्हान्नी बोत्तेझिनीने. हाही १८२१चाच, पण वाद्य डबल बास. लहानपणी मिलानच्या संगीतशाळेत शिष्यवृत्तीच्या दोनच जागा उरल्या होत्या, बासून आणि डबल बास. त्याने दुसरी घेतली आणि त्या अगडबंब वाद्याचा पागानिनी झाला. ऑपेरा चालवताना मध्यंतरात वाद्य घेऊन रंगमंचावर जायचा आणि त्याच ऑपेराच्या चिजा त्यावर वाजवायचा.

इथे व्हेर्दीची गंमत बघा. सगळं एका हाती असावं हा आग्रह त्याचा. ते एका हाती आल्यावर १८७१च्या एका पत्रात तोच तक्रार करतो की आता कंडक्टर स्वतःला निर्माते समजायला लागलेत. मला निर्माता एकच हवा, लिहिलंय तेवढं नीट वाजवा म्हणजे झालं. माझ्या मते तक्रार रास्त होती, पण उशिरा सुचली. छडी हातात दिली की ती फक्त तालापुरती राहत नाही.

'लिहिलंय तेवढं वाजवा' हे वाक्य ज्याने धर्मासारखं पाळलं, तो तेव्हा पार्मात चार वर्षांचा होता. आर्तुरो तोस्कानीनी. पुढे चेल्लो शिकला आणि एका इटालियन कंपनीबरोबर ब्राझीलला गेला. ३० जून १८८६, रियो द जानेरो, पुन्हा 'आइदा'च. तिथल्या स्थानिक कंडक्टरने कंपनीशी भांडून काम सोडलं आणि दोष इटालियनांवर टाकला. पहिला बदली माणूस उभा राहिला, प्रेक्षकांनी ओरडून हाकलला. दुसऱ्याचीही तीच गत. शेवटी वादकांनी चेल्लोच्या ओळीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराला पुढे ढकललं, कारण त्याला सगळं पाठ असतं हे त्यांना माहीत होतं. त्याने समोरची संहिता मिटली आणि सुरुवात केली. नजर अधू असल्यामुळे पाठ करण्याची सवय त्याला मोडता आलीच नसती. उरलेला दौरा त्यानेच चालवला.

आणि परत आल्यावर? पुन्हा चेल्लोच्या खुर्चीत. ५ फेब्रुवारी १८८७ला ला स्कालामध्ये 'ओतेल्लो'चा पहिला प्रयोग झाला, त्यात हा दुसरा चेल्लोवादक होता. व्हेर्दी तालमीला कसा वागतो, काय मागतो, हे त्याला जवळून पाहायचं होतं.

१८९८ला तोस्कानीनी ला स्कालाचा प्रमुख झाला आणि त्याने थिएटरची उलथापालथच केली म्हणा. प्रयोगाच्या वेळी दिवे मंद. बायकांच्या हॅटी उतरवा. आणि मुख्य म्हणजे 'बिस' बंद. बिस म्हणजे आपला वन्स मोअर. संगीत नाटकांत वन्स मोअर घेता घेता पहाट व्हायची, ते आपल्याकडे कौतुकाने सांगतात. इटलीतही हीच हौस होती. १९०३मध्ये 'उन बाल्लो इन मास्केरा'च्या प्रयोगात प्रेक्षक वन्स मोअरसाठी अडून बसले, तर हा माणूस छडी टाकून निघून गेला आणि काही वर्षं तिथे फिरकला नाही. परत आला तेव्हा ऑर्केस्ट्रा प्रेक्षकांच्या पातळीवरून खाली खड्ड्यात गेला. आता वादक दिसेनासे झाले, दिसायचा तो कंडक्टरचा हात. पिएताच्या जाळीच्या अगदी उलटं!

त्याचा राग, मोडलेल्या छड्या, रिहर्सलमधल्या शिव्या यांच्या गोष्टी मी सोडून देतो. त्यात नवीन काही नाही आणि त्यांचं कौतुकही मला समजत नाही. एक प्रसंग मात्र सांगतो. २५ एप्रिल १९२६, पुच्चीनीच्या 'तुरान्दोत'चा पहिला प्रयोग. पुच्चीनी दीड वर्षापूर्वी वारला होता, शेवट दुसऱ्याने पुरा केलेला. ऑपेरातली दासी लिऊ मरते त्या जागी तोस्कानीनीने छडी खाली ठेवली आणि लोकांकडे वळून सांगितलं की संगीतकाराने इथवर लिहिलं आणि तो गेला. पडदा पडला. पुढे १९३१ला बोलोन्यात फासिस्टांचं गाणं वाजवायला नकार दिला म्हणून त्याला मारहाण झाली. तो देश सोडून गेला.

डिसेंबर १९३६मध्ये तेल अवीवला, युरोपातून पळून आलेल्या ज्यू वादकांच्या नव्या ऑर्केस्ट्राची पहिली मैफल त्यानेच चालवली. हाच पुढे इस्राएल फिलहार्मोनिक झाला आणि पन्नास वर्षं, २०१९पर्यंत, मुंबईच्या झुबिन मेहतांच्या हाताखाली वाजत राहिला. झुबिनचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, त्यांनी १९३५ला बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. मिलानच्या क्लाउदियो आब्बादोचे वडीलही व्हायोलिनवादकच. ही दोन मुलं १९५०च्या दशकात व्हिएन्नात एकाच गुरूकडे शिकत होती. मोठ्या कंडक्टरांच्या रिहर्सलला बाहेरच्यांना प्रवेश नसे. म्हणून दोघं कोरसमध्ये खर्जाच्या ओळीत गायला लागली. गायकांना कंडक्टर समोरून दिसतो ना! पुढे आब्बादो ला स्कालाचा झाला आणि मेहतांनी फ्लोरेन्सचा ऑर्केस्ट्रा १९८५पासून तीस वर्षांहून जास्त काळ सांभाळला.

कंडक्टर आला म्हणून पहिला व्हायोलिनवादक गेला असं मात्र नाही. इटालियनमध्ये त्याला आजही 'स्पाल्ला' म्हणतात. स्पाल्ला म्हणजे खांदा. कुठल्या सुराला गज ओढायचा, कुठल्याला ढकलायचा, हे तंतुवादकांसाठी पेन्सिलने तोच ठरवून देतो. एकसारखे वरखाली होणारे गज दिसतात ते त्याचं काम, छडीचं नव्हे. मैफलीचा व्हिडिओ लागला की थोडा वेळ कंडक्टरकडे बघू नका, त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या खुर्चीकडे बघा.

मार्च २०११मध्ये रोमच्या ऑपेरात रिक्कार्दो मुती 'नाबुक्को' चालवत होता. लहानपणी व्हायोलिनवर सुरुवात केलेला हा नापोलीचा माणूस तोस्कानीनीच्याच कडक परंपरेतला, वन्स मोअरच्या विरोधातला. सरकारने कलेचा पैसा कापला होता. देश गमावलेल्या गुलामांचा कोरस 'व्हा, पेन्सिएरो' संपला, टाळ्या थांबेनात, बिस बिस ओरडा सुरू झाला. मुती वळला, कलेला मारलं तर आपला देश खरोखरच 'सुंदर आणि हरवलेला' होईल अशा अर्थाचं काही बोलला, आणि म्हणाला, पुन्हा घेऊ, पण या वेळी तुम्हीही गा. लोक उभे राहिले. तो प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना ताल देत होता, आणि ऑर्केस्ट्रा त्याच्या पाठीमागे वाजवत होता.